आवलीच्या दारातले विमान

दिवाळीच्या चार दिवसांत घर माणसांनी भरते, फराळाची ताटे फिरतात आणि दुपारी केव्हातरी एक प्रश्न हमखास निघतो: सगळ्यांनी मिळून पाहावे असे काही आहे का? आजीला जे रुचते ते नातवाला कंटाळवाणे वाटते, नातवाचे आजीला उमगत नाही आणि मधल्या पिढीला दोघांचेही नको असते. शेवटी जो तो आपापला फोन घेऊन आपापल्या कोपऱ्यात जाऊन बसतो. आम्हां नव्या मुंबईकरांच्या घरांत तर कोपरेही मोजकेच. पण तेवढ्यातही प्रत्येकाचे जग वेगळे करण्याची सोय विज्ञानाने करून ठेवली आहे!

या प्रश्नाला मराठीत एक जुने आणि भक्कम उत्तर आहे. पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने १९३६ साली ‘संत तुकाराम’ नावाचा बोलपट काढला. गिरगावच्या सेंट्रल चित्रगृहात तो ५७ आठवडे चालला. ५७ आठवडे म्हणजे एक होळी, एक आषाढी, एक गणेशोत्सव आणि एक दिवाळी त्या पडद्यासमोरून निघून गेली. १९३७ साली व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला. देहूच्या वाण्याची गोष्ट इटलीतल्या परीक्षकांना भावली, हे नवल खरेच. पण मला त्याहून मोठे नवल वाटते ते गिरगावातल्या प्रेक्षागृहाचे. तिथे पाच वर्षांचे पोर, त्याची आई आणि त्या आईची सासू अशी तीन माणसे एकाच बाकाला बसून एकच चित्र पाहत होती आणि तिघांनाही ते आपले वाटत होते. हे कसे साधले असेल?

संतपट म्हणून आपण त्याला देव्हाऱ्यात बसवतो, त्यामुळे तो मुळात कोणत्या जातीचा चित्रपट आहे हे आपल्या ध्यानात येत नाही. त्यात देव माणसांसारखा वावरतो. एका राजाचे पाहता पाहता अनेक राजे होतात, पाण्यात बुडवलेल्या वह्या परत मिळतात, आकाशातून विमान उतरते आणि हे सगळे गाण्याच्या लयीत घडते. शाळामास्तरी भाषेत सांगायचे तर हा अद्भुतरसाचा संगीतपट आहे. परदेशात अशा चित्रांना मुलांची चित्रे म्हणतात आणि मग मोठी माणसेही ती चोरून-मारून पाहतात. आपल्याकडे अशा चोरीची कधी गरजच पडली नाही. त्याचे कारण सिनेमाच्याही फार मागे आहे.

ते कारण म्हणजे कीर्तन. देवळाच्या सभामंडपात जाजम अंथरलेले असते. पोरेटोरे पुढे, अगदी बुवांच्या पायांशी. बायका एका अंगाला. म्हातारी माणसे खांबाला टेकून. पूर्वरंगात बुवा एखादा अभंग घेऊन निरूपण करतात. तेवढ्यात पोरे पेंगू लागतात, म्हणून उत्तररंगात आख्यान लागते. आख्यानात राक्षस येतो, चमत्कार होतो, मध्येच एखादी कोटी होते, मग टाळ-मृदंगाचा गजर. पोर जागे होते. खांबाला टेकलेला म्हातारा मात्र अजून पूर्वरंगातलाच एक शब्द घोळवत असतो. एका जाजमावर बसलेल्या सर्व वयांना एकाच वेळी धरून ठेवण्याची ही विद्या महाराष्ट्राने शेकडो वर्षे घोटलेली होती. नव्या मुंबईतल्या आगरी-कोळी गावांत अखंड हरिनाम सप्ताह लागतो तेव्हा ती आजही पाहायला मिळते. सिडकोच्या इमारती १९७० नंतर आल्या; टाळ त्याच्या फार आधीपासून इथे वाजत होते.

या जाजमावर दोन आणखी प्रवाह येऊन मिळाले. एक संगीत नाटकाचा. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले आणि पुढच्या पन्नास वर्षांत मराठी माणसाच्या अंगवळणी पडले की नाटकातले पात्र दुःखात असो वा आनंदात, ते गाणारच. दुसरा प्रवाह जादूचा. दादासाहेब फाळके हे १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ काढण्यापूर्वी हातचलाखीचे खेळ शिकले होते आणि आपल्याच आडनावाची अक्षरे उलटी करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने ते प्रयोग करीत. हनुमंताला आकाशातून उडवणारे ‘लंकादहन’ १९१७ मध्ये आले आणि १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये त्यांची चिमुरडी मुलगी मंदाकिनी कृष्ण होऊन नागाच्या फण्यावर नाचली. कीर्तनातला चमत्कार आजवर कानाने ऐकायचा होता, तो फाळक्यांनी डोळ्यांना दाखवला.

हे तिन्ही प्रवाह ज्यांच्या हातांत एकवटले ते विष्णुपंत दामले आणि साहेबमामा फत्तेलाल. दोघेही कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झाले. १९२९ साली व्ही. शांताराम, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह त्यांनी कोल्हापुरातच प्रभात कंपनी काढली. १९३३ मध्ये कंपनीने पुण्याला मुक्काम हलवला. दामल्यांचा हात यंत्रावर आणि ध्वनीवर, फत्तेलालांचा रंगरेषांवर आणि नेपथ्यावर. एक ब्राह्मण, एक मुसलमान; दोघांनी मिळून विठोबाच्या भक्ताचे चित्र दिग्दर्शित केले आणि त्यात कुणाला काही वावगे वाटले नाही. कथा-संवाद शिवराम वाशीकरांचे, संगीत केशवराव भोळ्यांचे.

त्या काळी चमत्कार करायचा म्हणजे काय करायचे, हे आजच्या मुलांना सांगितले तर त्यांना गंमत वाटते. कॅमेऱ्याच्या भिंगाचा एक भाग काळ्या कागदाने झाकायचा आणि उरलेल्या भागातून चित्रण करायचे. मग तीच फिल्म हाताने मागे गुंडाळायची, आता दुसरा भाग झाकायचा आणि त्याच फिल्मवर पुन्हा चित्रण करायचे. नटाने दोन्ही वेळी नेमक्या जागी उभे राहायचे. वीतभर इकडेतिकडे झाले की सगळी मेहनत पाण्यात. एकाच माणसाच्या दोन मूर्ती पडद्यावर येत त्या अशा. माणसाला विरून अदृश्य करायचे तर प्रकाश हळूहळू मंद करीत न्यायचा. संगणक नव्हता, होती ती घड्याळजीची चिकाटी. चमत्कार दाखवायला इतके कष्ट पडत म्हणून तो उगाच उधळला जात नसे. जिथे कथेला गरज आहे तिथेच तो येई.

पण कॅमेऱ्याच्या करामतीने पोरे खूश होतील. त्यांची आजी आणि आई कशाने होणार? इथे दामले-फत्तेलालांची खरी करणी आहे. त्यांनी या अद्भुताच्या मधोमध एक बाई उभी केली, जिला त्या अद्भुताचे काडीइतके कौतुक नाही. ती म्हणजे तुकोबांची बायको जिजाई, अर्थात आवली.

आवलीची गोष्ट महिपतीने अठराव्या शतकात लिहून ठेवली आहे. परंपरेने तिला कजाग, तोंडाळ, संतांच्या वाटेतला काटा अशीच रंगवली. चित्रपटात तिचे काम गौरी नावाच्या नटीने केले. ती तोवर प्रभातच्या चित्रांत लहानसहान भूमिका करणारी बाई होती. तिने आवलीला जे रूप दिले ते पाहिल्यावर कजाग हा शब्द तोंडातून निघत नाही. घरात दाणा नाही, पोरे भुकेली आहेत आणि नवरा देवळात गातो आहे. या परिस्थितीत दुसरी कोणती बाई गोड बोलेल? ती म्हशीला जपते, कारण म्हैस दूध देते. ती विठोबाला शिव्या घालते, कारण तो काही देत नाही. तिचा हिशेब सरळ आहे.

पोर आजारी पडते तेव्हा ती त्याला ओढत देवळात नेते आणि पायातली वहाण काढून देवावर उगारते. त्या क्षणी प्रेक्षागृहात काय होत असेल, याचा मी पुष्कळदा विचार करते. पाच वर्षांचे पोर डोळे विस्फारून बघत असेल: आता देव हिला काय करणार? सासूबाई ‘शिव शिव’ म्हणत असतील. आणि मधे बसलेली ती तरुण आई, घरात आजारी मूल आणि रिकामा डबा या दोन्ही गोष्टी जिला ठाऊक आहेत, ती मनातल्या मनात आवलीच्या बाजूने हात उगारत असेल. चित्रपटात मूल बरे होते. म्हणजे देव वहाणेवर रागावत नाही. भक्ताच्या गाण्याइतकीच त्या माऊलीची तक्रार त्याच्यापर्यंत पोचते. पोराला चमत्कार मिळाला, सासूबाईंना देवाची दया मिळाली आणि त्या आईला न्याय मिळाला. एकच प्रसंग, पण तिघांच्या ओंजळीत तीन वेगळी दाने.

दुसरा प्रसंग शिवाजी महाराजांच्या नजराण्याचा. कपडे-दागिने घरात येतात, पोरे हरखतात, आवलीचा चेहरा उजळतो. एवढ्या वर्षांनी अंगावर काही चढले! आणि तुकोबा ते सगळे परत पाठवतात. इथे चित्रपट तुकोबांचा मोठेपणा सांगतो आहे यात शंका नाही. पण तो हेही लपवत नाही की या मोठेपणाची किंमत दुसऱ्याच कुणीतरी मोजली आहे. मुलांच्या उतरलेल्या तोंडांवरून नजर फिरवल्याशिवाय तो पुढे सरकत नाही. संताच्या त्यागाचे गुणगान पुष्कळ चित्रांनी केले आहे. त्या त्यागाची झळ कुणाच्या चुलीला लागली हे इतक्या आपुलकीने दाखवणारी चित्रे थोडी.

म्हणून मला वाटते, सर्व वयांना आवडणारे चित्र म्हणजे निरागस किंवा सोपे चित्र, ही समजूत अपुरी आहे. ज्यात शंका घेणाऱ्यालाही बसायला जागा दिलेली असते ते चित्र सर्वांचे होते. कुटुंब म्हणजे तरी काय? त्यात एक भाविक असतो, एक हिशेबी असतो, एक वात्रट असतो आणि एकाला नुसतीच मौज हवी असते. ‘संत तुकाराम’मध्ये या सगळ्यांचा माणूस पडद्यावर आहे. वात्रटाला सालोमालो आहे. तुकोबांचे अभंग आपल्या नावावर खपवणारा हा ढोंगी कवी काल्पनिक नव्हे. खुद्द तुकोबांच्या अभंगात त्याचा उल्लेख येतो. त्याचे ते नटवे चालणे आणि तुकोबांच्या साध्या चालीला ताना मारून विद्रूप करणे पाहून लहान मूलही ओळखते की खरे गाणे कोणते आणि खोटे कोणते.

खऱ्या गाण्याची बाजू सांभाळली विष्णुपंत पागनिसांनी. ते रंगभूमीवर स्त्रीभूमिका करीत आलेले गायक नट. त्यांचे तुकोबा गाऊ लागले की अभिनय चालला आहे असे वाटतच नाही. माणूस आपल्याशीच बोलता बोलता गाण्यात शिरला आहे असे वाटते. पुढे लोक त्यांनाच तुकोबा समजून पाया पडू लागले, असे जुनी माणसे सांगत. गाण्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडली. बीजापासून वृक्षाचा विस्तार सांगणारे एक पद शांताराम आठवल्यांनी या चित्रपटासाठी रचले. ते तुकोबांच्या वाणीत इतके मिसळून गेले की पुष्कळांनी तो अभंग तुकोबांचाच मानला आणि गाथेत त्याचा शोध घेतला. सालोमालो तुकोबांचे अभंग आपले म्हणून खपवतो, आणि आठवल्यांनी आपले पद तुकोबांच्या चरणी असे वाहिले की त्यावरचे आपले नावही पुसले जावे! कलेतला खरेपणा आणि चोरी यांतला फरक मुलांना समजावताना मला याहून चांगले उदाहरण सापडलेले नाही.

आता थोडे दूर जाऊ. या चित्रानंतर तीन वर्षांनी, १९३९ मध्ये, अमेरिकेत ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ हा संगीतपट निघाला. डोरोथी नावाची मुलगी कॅन्ससच्या रूक्ष माळावर राहते. वावटळ तिला घरासकट उचलून एका जादूच्या देशात टाकते. माळावरचे चित्र मातकट रंगाचे आणि जादूच्या देशात पाऊल पडताच सगळे रंगीत! १९५६ पासून हा चित्रपट तिकडच्या दूरचित्रवाणीवर दिसू लागला. पुढे तो दर वर्षी घरोघर मिळून पाहण्याचा जणू कुळाचारच झाला. आमच्याकडे मुंबई दूरदर्शनवर शनिवारी मराठी चित्रपट लागे तेव्हा शेजारीपाजारी येऊन सतरंजीवर बसत, तसेच काहीसे. पण दोन्ही चित्रांत एक मौजेचा फरक आहे. डोरोथीला नवल पाहण्यासाठी घर सोडून दूर जावे लागते आणि अखेर तिची सगळी ओढ घराकडे लागते. आपल्या चित्रात घर जागचे हलत नाही; नवलच देहूला चालत येते, म्हशीच्या गोठ्याशी आणि चुलीच्या धुराशी येऊन उभे राहते. अमेरिकेतल्या मुलीने घराची किंमत परदेशात जाऊन ओळखली. आवलीला ती पहिल्यापासून ठाऊक आहे, कारण ते घर तिच्याच खांद्यावर उभे आहे.

एक आक्षेप मला इथे टाळता येणार नाही. चमत्कार दाखवणे बरे का? तुकोबांसारख्या रोखठोक कवीला चमत्कारांत गुंडाळल्याने त्यांचे बंड झाकले जाते, असे म्हणणारे विचारी लोक आहेत. तुकोबांच्या अखेरीविषयीही अभ्यासकांत वाद आहेत. चित्रपटाने परंपरेची बाजू घेतली: सदेह वैकुंठगमन. २०१२ साली ‘तुकाराम’ नावाचा नवा चित्रपट निघाला, त्यात माणूस तुकाराम शोधण्याचा प्रयत्न होता. तो प्रयत्नही मोलाचाच. मी स्वतः वर्गात विज्ञानही शिकवते. पाण्यात बुडालेला कागद तेरा दिवसांनी कोरडा निघत नाही, हे मुलांना सांगणे माझे काम आहे. तरीही हे चित्र मी मुलांना दाखवते आणि दाखवण्याचे कारण पुन्हा आवलीच आहे.

गेल्या काही वर्षांत नव्या मुंबईतल्या माझ्या वर्गाला मी हे चित्र दोन-तीनदा दाखवले. मुले देशावरून, कोकणातून, कुठकुठून आलेल्या घरांतली. पहिली दहा मिनिटे चुळबुळ होते: चित्र काळे-पांढरे, आवाज खरखरीत. मग सालोमालो येतो आणि हशा पिकतो. जिकडेतिकडे शिवाजी दिसू लागतात तेव्हा एक जण ओरडलाच, “बाई, हे तर कॉपी-पेस्ट आहे!” त्याला मी काळ्या कागदाची युक्ती सांगितली, पुढे आठवडाभर तो आपल्या फोनवर स्वतःच्या दोन मूर्ती काढण्याच्या खटपटीत होता. शेवटी विमान येते. तुकोबा आवलीला बरोबर चल म्हणतात; तिला ते बोलणे नेहमीचे खूळ वाटते. तिच्या मागे चूल आहे, मुले आहेत. विमान वर जाते आणि ती जमिनीवर राहते.

दिवे लागले. एका मुलीने हात वर केला आणि विचारले, “बाई, विमान गेल्यावर त्या दिवशी तिने काय केले?”

हा प्रश्न मी कुठल्याही समीक्षेत वाचलेला नव्हता. मी तो फळ्यावर लिहिला आणि म्हटले, ज्याने त्याने उत्तर लिहून आणा. पुष्कळांनी लिहिले, ती रडली. काहींनी लिहिले, ती विठ्ठलाची भक्त झाली. ज्याचे वडील कामासाठी वर्षानुवर्षे आखातात आहेत अशा एका मुलाने एकच ओळ लिहिली होती: ‘तिने म्हशीची धार काढली आणि मुलांना दूध दिले.’

चमत्कार खरा का खोटा, हा वाद त्या वर्गात झालाच नाही. त्याहून मोठ्या प्रश्नाशी मुले आपसूक येऊन थांबली. थोर माणसे वर जातात तेव्हा खाली कोण राहते आणि ते काय करते? असे विचारायला शिकवणारे चित्र अंधश्रद्धा वाढवते, असे मला म्हणवत नाही. आवलीच्या डोळ्यांनी पाहिलेला चमत्कार मुलांना भाबडे करीत नाही.

याच जोडीने १९४० मध्ये ‘संत ज्ञानेश्वर’ काढला. त्यातली चालणारी भिंत आणि वेद बोलणारा रेडा यांनी त्या पिढीतल्या मुलांना वेड लावले होते. तिथेही अद्भुताच्या मधोमध वाळीत टाकलेली चार पोरकी भावंडे आहेत, म्हणून मोठ्यांचेही डोळे भरून येतात. १९४५ साली दामले गेले. पुढे प्रभात बंद झाली आणि तिच्या आवारात १९६० साली सरकारी फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. मूकपटांच्या काळातली बहुतेक चित्रे नष्ट झाली. खुद्द ‘राजा हरिश्चंद्र’चा थोडासाच भाग आज हाती आहे. त्या मानाने ‘संत तुकाराम’ आपल्यापर्यंत धडधाकट पोचला, हे आपले भाग्य.

मी स्वतः हे चित्र निरनिराळ्या वयांत पाहिले. लहानपणी विमानाकडे बघत होते. विशीत पागनिसांच्या स्वरांकडे. संसारात पडल्यावर नजर आवलीवरून हलेना. आता चाळिशी उलटल्यावर मी तुकोबांच्या मुलांकडे बघते. बापाच्या गाण्याचा आणि आईच्या कष्टांचा अर्थ त्यांना पुढे कधी लागला असेल का, याचा विचार करते. चित्र तेच, एक चौकटही बदललेली नाही. मी मात्र दर वेळी जाजमावर थोडी पुढेमागे सरकून बसले आहे.

यंदाच्या दिवाळीत एक दुपार या चित्राला द्यावी. फोन बाजूला ठेवावेत आणि खरोखरच एक सतरंजी अंथरावी. पोरांना पुढे बसू द्यावे. मग चित्र संपल्यावर त्या मुलीचा प्रश्न घरातल्या प्रत्येकाला विचारावा, आजीलासुद्धा. आजीचे उत्तर मात्र सगळ्यांत शेवटी ऐकावे. ते बहुधा फार लांबचे नसेल, तिच्या स्वतःच्याच स्वयंपाकघरातले असेल.